उंदरांचा नामकर्ता : ओल्डफील्ड थॉमस

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल सिंहगडावर गेली होती. परत आल्यावर गडाविषयी दोन पाने लिहावीत म्हणून मी ग्रंथालयात शोधाशोध करीत होतो. तानाजी मालुसरे, यशवंती घोरपड, कोंढाणा हे सारे शाळेपासून पाठ होते. परंतु वाचता वाचता भलतीच माहिती हाती आली. या गडाच्या माथ्यावर एक उंदीर राहतो आणि जगात तो फार थोड्या जागी सापडतो. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व गडाच्या जुन्या नावावरून त्याला मिलार्डिया कोंडाना असे नाव दिले. कोंडाना हा शब्द कोठून आला हे कळले. पण मिलार्डिया हे काय प्रकरण? त्याचा माग काढता काढता मी लंडनच्या एका संग्रहालयात आणि तेथून थेट दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचलो (अर्थात ग्रंथालयातील खुर्चीवर बसूनच!). त्या वाटेवर जो माणूस भेटला, त्याचे हे चरित्र.

आमच्या घरी उंदरांची एवढी विचारपूस कोणी करीत नाही. कणगीत शिरतो तो उंदीर, बांधात बिळे पाडते ती घूस आणि रात्री भिंतीच्या कडेने चिरचिरत जाते ती चिचुंदरी. एवढ्या तीन शब्दांवर आमच्या गावाचे काम भागते. त्यांतली चिचुंदरी तर उंदीरच नव्हे, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. अशा घरातून आलेल्या मुलाला, एका शहाण्यासुरत्या माणसाने पन्नास वर्षे उंदीर, वटवाघळे, खारी यांना नावे देण्यात घालवली हे वाचून प्रथम हसू आले, हे कबूल केले पाहिजे. हसू पुढे मावळले.

मायकेल रॉजर्स ओल्डफील्ड थॉमस यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८५८ रोजी इंग्लंडातील बेडफर्डशायर परगण्यात, मिलब्रुक या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढच्याच वर्षी डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सगळ्या युरोपात वादळ उठले. त्या वादळात ज्यांचे बालपण गेले त्या पिढीतले हे थॉमस. १८७६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सचिवांच्या कार्यालयात नोकरीला लागले. म्हणजे मी आज ज्या वयात आहे त्या वयात हा गृहस्थ सरकारी कागद हाताळत होता. दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, त्यांची बदली प्राणिशास्त्र विभागात झाली आणि सस्तन प्राण्यांचा संग्रह त्यांच्याकडे आला. त्यानंतर त्यांनी जागा बदलली नाही. बदलली ती इमारत. १८८१ साली साउथ केन्सिंग्टन भागात निसर्गेतिहासाचे नवे संग्रहालय उघडले आणि प्राण्यांचा सारा पसारा तिकडे हलवण्यात आला.

त्यांचे काम काय होते ते जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण त्यांचे चरित्र म्हणजे बहुतांशी हे कामच आहे. जगाच्या कानाकोपऱ्यातून संग्रहालयात पेट्या येत. पेटीत लहान प्राण्यांची कातडी असत. पोटाशी चिरून काढलेली, आत कापूस भरून शिवलेली आणि सरळ ताणून वाळवलेली. कवटी वेगळी, साफ केलेली. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यावर जागा, तारीख, नर की मादी, अंगाची व शेपटीची लांबी, पकडणाऱ्याचे नाव. थॉमस ती कवटी मोजत. भिंगातून दाढांवरील उंचवटे पाहत. केसांचा रंग पाठीवर कसा, पोटावर कसा, शेपूट दुरंगी की एकरंगी हे टिपत. मग कपाटातले जुने नमुने काढून शेजारी ठेवत. कोणाशीच जुळले नाही तर नवी जाती म्हणून तिचे वर्णन लिहून एखाद्या नियतकालिकाकडे धाडत. वर्णन बहुधा लहानच, पानभराचे किंवा त्याहूनही थोडके. दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्षे हे चालले. त्यांनी नाव दिलेल्या नव्या जाती व उपजातींची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. त्यांत सगळेच उंदीर नव्हते. आफ्रिकेच्या अरण्यातले प्रचंड रानडुक्कर त्यांनीच १९०४ साली शास्त्राच्या दप्तरी आणले. ऑस्ट्रेलियातील कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांची मोठी सूची त्यांनी १८८८ मध्येच तयार केली होती. तरी बारीक प्राण्यांवर त्यांचा जीव अधिक, असे त्यांची यादी पाहून वाटते.

आता प्रश्न असा की नावात एवढे काय आहे? आमच्या गावात माझ्या पिढीच्या कित्येक मुलांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना आईवडिलांना तारीख आठवली नाही की रजिस्टरात तीच लिहिली जाई. एकदा लिहिले की ते खरे. पुढे कोणी आक्षेप घेतलाच तर दाखवायला पुरावा नाही. प्राण्यांच्या नावांचेही बराच काळ असेच चालले होते. एखाद्याने दोन ओळी लिहून नाव द्यावे. पुढे पन्नास वर्षांनी दुसऱ्याला तोच प्राणी सापडला की त्या दोन ओळींतला प्राणी नेमका कोणता, यावर वाद घालत बसावे. थॉमस यांनी १८९३ साली या गोंधळावर एक छोटेसे टिपण लिहिले. नाव देताना ज्या एका नमुन्यावर ते आधारले असेल तो नमुना आधार म्हणून कायमचा जपावा, हा विचार तेव्हा रूढ होऊ लागला होता; पण शब्द सैल वापरले जात. त्या एका आधारनमुन्यास काय म्हणावे, त्याच्याबरोबर अभ्यासलेल्या इतर नमुन्यांस काय म्हणावे, त्याच गावाहून पुढे आणलेल्या नमुन्यास काय म्हणावे, हे त्यांनी वेगवेगळे करून सांगितले. त्यांनी सुचवलेले पॅराटाइप आणि टोपोटाइप हे शब्द आजही प्राणिशास्त्रात वापरतात. पुढे १९११ साली त्यांनी याहून जिकिरीचे काम केले. प्राण्यांच्या नामकरणाचा मूळ ग्रंथ म्हणजे लिनियसचा. त्यातील सस्तन प्राण्यांचे प्रत्येक नाव नेमके कशावर आधारले आहे आणि तो प्राणी नेमका कोठला, हे त्यांनी एकेक करून ठरवले. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नोंदी तपासायला बसणे म्हणजे तलाठ्याच्या जुन्या दप्तरात शिरण्यासारखेच आहे. ज्याने ते पाहिले असेल त्याला या कामाची कल्पना येईल.

वर मी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचा उल्लेख केला. तिथल्या ज्या एका उंदराच्या हकिगतीत थॉमस यांचे सारे काम एकत्र दिसते, ती आता सांगतो.

पेरू देशाच्या अगदी उत्तरेला, इक्वेडोरच्या सीमेलगत, तुंबेस नावाचे गाव आहे. पेरूचा बहुतेक किनारा वाळवंटी. समुद्रात दक्षिणेकडून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्यामुळे किनाऱ्यावर धुके येते पण पाऊस पडत नाही. तुंबेसच्या आसपास मात्र हे वाळवंट संपत येते आणि पानगळीची कोरडी राने, काटेरी झुडपे सुरू होतात. थॉमस यांच्यापुढे तुंबेसहून आलेला एक उंदीर होता. पाठीवर पिवळसर रंग आणि त्यात मिसळलेले गडद केस, पोट फिकट, शेपूट लांब. १८९४ साली त्यांनी दक्षिण अमेरिकेतील अनेक नव्या उंदरांची वर्णने एकत्र प्रसिद्ध केली, त्यांत या उंदराला ओरायझोमिस झँथिओलस असे नाव दिले. झँथोस म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. ओरायझा म्हणजे भात आणि मिस म्हणजे उंदीर. म्हणजे हा पिवळा भात-उंदीर झाला.

आता या कोरड्या किनाऱ्यावरच्या उंदराच्या नावात भात कोठून आला? शास्त्रीय नावात आपल्या उलट रीत असते. आडनाव आधी आणि पाळण्यातले नाव मागून. ओरायझोमिस हे वंशाचे नाव, म्हणजे आडनाव. ते मुळात उत्तर अमेरिकेतील दलदलीत राहणाऱ्या, भातखाचरांत शिरणाऱ्या एका उंदरासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दिले गेले. पुढे मध्य व दक्षिण अमेरिकेत त्याच्यासारखे दिसणारे उंदीर सापडत गेले, तसे त्या सर्वांना त्याच आडनावाखाली घालण्यात आले. जंगलातले, डोंगरातले, गवतातले, बेटांवरचे, सगळे भात-उंदीर! एकाच वाड्यात राहतात म्हणून सगळ्या बिऱ्हाडकरूंना मालकाचे आडनाव लावावे, तसाच हा प्रकार. थॉमस यांनीही आपल्या पिवळ्या उंदराला तेच आडनाव लावले. त्या काळी दुसरे सोयीचे घर नव्हते. परंतु पाळण्यातले नाव त्यांनी दिले, आधारनमुना ठेवला आणि जागा लिहिली. एवढ्यावर पुढच्यांना काम करता येणार होते.

थॉमस यांच्या कपाटात एवढे प्राणी आले कोठून, हा भाग मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटला. १८९१ साली त्यांचा विवाह मेरी केन क्लार्क यांच्याशी झाला. त्या सर अँड्र्यू क्लार्क या नामांकित डॉक्टरांच्या कन्या. हे क्लार्क डार्विनवरही उपचार करीत. मेरीबाईंच्या वाट्याला वडिलांकडून बरीच संपत्ती आली होती आणि त्यांना प्राण्यांची आवडही होती. पतीबरोबर त्या संग्रहाच्या सफरींवर गेल्या आहेत. थॉमस यांनी स्वतः पश्चिम युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत अशा सफरी केल्या. पण मुख्य गोष्ट अशी की पत्नीच्या पैशातून त्यांनी दूरदेशी माणसे नेमली. ती माणसे रानावनातून प्राणी पकडत, कातडी काढत, पेट्या भरून लंडनला पाठवत आणि थॉमस त्या संग्रहालयाला भेट देत. संग्रहालयाच्या पगारावर हे कधीच झाले नसते. अर्जेंटिनात एमिलिओ बुदिन हा असाच त्यांचा माणूस. त्याच्या नावावरून थॉमस यांनी १९१८ साली एका उंदराचे नाव ठेवले.

दुसरा पेरी सिमन्स. हा अमेरिकन तरुण इक्वेडोर, पेरू आणि बोलिव्हिया या देशांत हिंडला. किनाऱ्यापासून अँडीज पर्वताच्या माथ्यापर्यंत फिरून त्याने थॉमस यांच्यासाठी शेकडो नमुने मिळवले. १९०१ साली अँडीज ओलांडत असताना त्याच्या वाटाड्यानेच त्याचा खून केला. तेव्हा तो अजून तिशीच्या उंबरठ्यावर होता. थॉमस यांच्या लेखांत सिमन्सचे नाव वारंवार येते. त्याने पाठवलेल्या प्राण्यांची वर्णने लिहिण्याचे काम त्याच्या मागे चालूच राहिले. लंडनमध्ये बसून भिंगातून दात पाहणे हे काम शांतपणाचे खरे. पण ती कवटी टेबलावर येईपर्यंत कोणी काय सोसले हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर नसते. पकडणाऱ्या गोऱ्या माणसाचे नाव असते, पण त्याला बिळे दाखवणाऱ्या, सापळे लावणाऱ्या, पेट्या वाहणाऱ्या गावकऱ्याचे नाव नसते. तुंबेसच्या शेतकऱ्यांनी त्या पिवळ्या उंदराला काही तरी नाव दिलेच असेल, जसे आम्ही देतो. ते कोणी विचारले नाही. हा दोष एकट्या थॉमस यांचा नाही, त्या काळाचा आहे. तरी त्यांचे गुणगान करताना तो सांगायचा राहू नये.

१९१५ साली हिराम बिंगहॅम यांची मोहीम पेरूत माचू पिच्चूच्या परिसरात काम करीत होती. ती येल विद्यापीठ आणि नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी यांची संयुक्त मोहीम होती. तिच्यातील एडमंड हेलर यांनी जमवलेले सस्तन प्राणी अभ्यासासाठी अमेरिकेहून लंडनला थॉमस यांच्याकडे पाठवले गेले. महायुद्ध चालू असतानाही हे काम झाले. १९१७ मध्ये नव्या जातींची वर्णने आणि १९२० मध्ये पूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तज्ज्ञ नव्हते असे नाही, पण तुलना करायला लागणारे आधारनमुने थॉमस यांच्या कपाटात होते. १९०१ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले होते. त्याच्याही पूर्वी, १८८४ साली, कौस या अमेरिकन शास्त्रज्ञाने अँडीजमधील उंदरांच्या एका गटाला थॉमासोमिस असे नाव दिले. सव्विसाव्या वर्षी उंदराला आपले नाव मिळणे हा मान की चेष्टा, असे आपल्याला वाटेल. त्या जगात तो मोठाच मान होता.

आता मिलार्डियाकडे येऊ. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांच्या पुढाकाराने भारतातील सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. ती १९२३ पर्यंत चालली. तिचा पहिला अहवाल १९१२ साली निघाला आणि तो होता खानदेशाचा! सी. ए. क्रम्प यांनी खानदेशात नमुने जमवले आणि ते लंडनला गेले. तिथे अहवाल लिहिणारे रॉटन हे मुंबई इलाख्यातील निवृत्त वनाधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी थॉमस यांच्या विभागात बसून या कामाला वाहून घेतले होते. भारतात आणि शेजारच्या देशांत आढळणाऱ्या मऊ केसांच्या शेतउंदरांचा वेगळा वंश थॉमस यांनी १९११ साली केला आणि त्याला मिलार्ड यांचे नाव दिले. त्याच वंशात चौसष्ट वर्षांनी सिंहगडाचा उंदीर दाखल झाला. हा उंदीर आज धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. गडावर पिठलेभाकरी खाताना आमच्यापैकी कोणालाही त्याची गंधवार्ता नव्हती.

रॉटन यांच्या नावाचीही एक हकिगत आपल्या जवळची आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळ, गोव्याच्या सीमेपासून फार लांब नाही अशा रानात, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १९१२ साली सोसायटीच्या एस. एच. प्रेटर या विशीतल्या तरुणाने तेथून मोठ्या कानांची वटवाघळे धरून आणली. नमुने लंडनला पोहोचले. १९१३ साली थॉमस यांनी ती नवी जाती असल्याचे ठरवून तिला रॉटन यांचे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके हे वटवाघूळ साऱ्या जगात त्या एकाच ठिकाणी राहते अशी समजूत होती. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. बारापेडेचे नाव मात्र मूळ ठिकाण म्हणून त्याला कायम जोडलेले आहे. प्रेटर पुढे भारतीय प्राण्यांवरील आपल्या ग्रंथामुळे घरोघर पोहोचले. तो ग्रंथ आपल्या ग्रंथालयातही आहे.

थॉमस यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. थोडा रंग वेगळा, कवटी किंचित लांब, की नवे नाव, असे त्यांच्या हातून पुष्कळदा झाले. थोड्याशा नमुन्यांवरून निर्णय घ्यावा लागे. एकाच जातीतले प्राणी वयानुसार, ऋतूनुसार, प्रदेशानुसार किती बदलतात हे पाहायला मोठा साठा लागतो, तो नेहमी नसे. त्यामुळे त्यांची अनेक नावे पुढच्या संशोधकांनी एकमेकांत मिसळून टाकली. पण ती मिसळता आली तीसुद्धा त्यांनी आधारनमुने ठेवल्यामुळेच. कोणीही जाऊन कपाट उघडावे, कवटी पुन्हा मोजावी आणि थॉमस चुकले असे लिहावे. आपली चूक दुसऱ्याला सापडावी अशी सोय करून ठेवणारी माणसे थोडी असतात. मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला तो येथे.

१९२३ साली ते नियमाप्रमाणे सेवानिवृत्त झाले. दुसऱ्या दिवसापासून घरी बसले असतील असे कोणाला वाटेल, तर तसे झाले नाही. ते आपल्या जागेवर येत राहिले, पेट्या उघडत राहिले. अर्जेंटिनातून बुदिनचे नमुने येतच होते. १९२८ साली मेरीबाई वारल्या. छत्तीस-सदतीस वर्षांचा संसार आणि तेवढ्याच वर्षांचे एकत्र काम. तो धक्का त्यांना सोसवला नाही. १६ जून १९२९ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, थॉमस यांचे निधन झाले. संग्रहालयातल्या टेबलाशीच त्यांचा अंत झाला अशी एक आख्यायिका नंतर पसरली. जन्मभर त्या टेबलाशी बसलेल्या माणसाविषयी लोकांनी तशी कल्पना करावी हे समजण्यासारखे आहे. प्रत्यक्षात ते आपल्या घरीच वारले.

तुंबेसच्या पिवळ्या उंदराचे पुढे काय झाले? १८९७ साली अ‍ॅलन यांनी पेरूतीलच डोंगराळ भागातल्या एका उंदराला आणि १९४४ साली ऑसगुड यांनी दक्षिणेकडील इका प्रदेशातल्या दुसऱ्याला वेगळी नावे दिली. नंतरच्या अभ्यासकांना हे सगळे एकच वाटले आणि ती दोन्ही नावे थॉमस यांच्या नावाखाली गेली. पण थॉमस यांच्या नावालाच एक धोका होता, आणि तो समुद्रापलीकडून. किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर गालापागोस बेटे आहेत. १८३५ साली तरुण डार्विनने तेथील चॅथम बेटावर एक उंदीर मिळवला होता आणि १८३९ मध्ये वॉटरहाउस यांनी त्याला गालापागोएन्सिस असे नाव दिले होते. त्या बेटावरून तो उंदीर नाहीसा झाला, पण जवळच्या सांता फे बेटावर त्याचे भाऊबंद टिकले. हा बेटावरचा उंदीर आणि तुंबेसचा उंदीर इतके जवळचे की ते मुळात एकच तर नाहीत, असा प्रश्न उभा राहिला. प्राण्यांच्या नावांत जो आधी तो खरा, असा नियम आहे. दोन्ही एक ठरले असते तर १८३९ चे नाव राहिले असते आणि १८९४ चे पुसले गेले असते.

तसे झाले नाही. २००६ साली मार्सेलो वेक्स्लर, अलेक्झांद्रे पेर्सेकिलो आणि रॉबर्ट व्हॉस या तिघांनी भात-उंदरांच्या त्या गजबजलेल्या वाड्याची फेरतपासणी करून दहा नवे वंश वेगळे काढले. त्यांच्या हाती कवट्या, दात आणि कातडी तर होतीच, शिवाय एका जनुकाचा पुरावा होता. दलदलीतल्या खऱ्या भात-उंदराशी तुंबेसच्या उंदराचे नाते पुष्कळ लांबचे निघाले. त्याला नवे आडनाव मिळाले, एजियालोमिस. एजियालोस म्हणजे समुद्रकिनारा. बेटावरचा उंदीरही याच घरात आला, पण स्वतःच्या नावाने, वेगळी जाती म्हणून. या नव्या वंशाची आधारजाती म्हणून थॉमस यांचाच उंदीर निवडला गेला. पुढे २०१८ साली झालेल्या तपासणीत अ‍ॅलन आणि ऑसगुड यांची झाकलेली नावेही पुन्हा वर आली. इतकी वर्षे एक समजलेला मुख्य भूमीवरचा उंदीर तीन निघाला. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी, ज्यावर तुंबेस असे लिहिले आहे, तीच या वेळीही प्रमाण धरावी लागली. कारण तिघांपैकी थॉमस यांचे नाव कोणाला लावायचे हे तिच्यावरून ठरते.

शास्त्रात एक बारीक रीत आहे. जातीचे नाव देणाऱ्याचे नाव व साल पुढे लिहितात; पण त्या जातीचा वंश नंतर बदलला असेल तर ते कंसात घालतात. १८९४ पासून शंभराहून अधिक वर्षे या उंदरापुढे थॉमस हे नाव उघडे लिहिले जात होते. २००६ पासून ते कंसात लिहितात. आधारनमुना मात्र लंडनच्या संग्रहालयातच आहे.